खळ्यावरची हरळी

मे महिना उतरणीला लागला की पळसदरीकडे येणाऱ्या आमच्या रस्त्यावर नर्सरीवाले खताच्या गोण्या दारात आणून रचतात. हिरव्या, पिवळ्या, निळ्या. प्रत्येक गोणीवर एक हसरा शेतकरी, नाहीतर दोन तळहात आणि त्यात रोपटं. आणि त्यांच्यासमोर अर्ध्या चड्डीत, हाताची घडी घालून उभे असलेले शनिवार-रविवारचे बंगलेवाले. चेहरे अगदी गंभीर. मुलीसाठी स्थळ बघायला गेलेल्या बापाचा असतो तसा.

परवा शेजारच्या बंगल्यातला नाडकर्णी कुंपणाशी आला. तिशी-बत्तिशीचा असेल. माणूस चांगला आहे, फक्त बोलताना अंगठा मोबाइलवरून उचलत नाही. म्हणाला, "काका, तुमचं लॉन दोन वर्षं बघतोय. आम्हालाही या पावसात करायचंय. पण खत ऑरगॅनिकच पाहिजे. मुलगी आता पाय टाकायला लागलीय, सारखी पडते. त्या फरशीवर लागतं तिला. नेमकं काय घालू? गांडूळखत, कोकोपीट, की ते कोंबडीचं?"

मी म्हटलं, "उद्या सांगतो."

तो गेल्यावर आतून नलू, माझी बायको, म्हणाली, "यात उद्या सांगण्यासारखं काय आहे हो? दोन वाक्यांचं काम." तिचं बरोबर होतं. पण पाय टाकायला लागलीय, पडते, लागतं, हे तीन शब्द त्याने ओळीने उच्चारले आणि मी दोन वर्षांपूर्वीच्या पावसात जाऊन पडलो. तिथून लगेच बाहेर येता येत नाही.

लोक लॉन म्हणतात, आमच्या घरात त्याला अजून खळंच म्हणतात. घराच्या उगवतीला, गोठा आणि फणसाच्या मधली ती गोल जागा. लॉन व्हायच्या आधी, माझ्या आठवणीत तिथे कधी गवताचं पातं उगवलेलं नव्हतं, आणि ते काही आपोआप नव्हे. दिवाळीच्या आसपास भात कापणीला आलं की आबा, म्हणजे माझे वडील, ती जागा खरवडायचे, पाणी शिंपडायचे आणि लाकडी चोपण्याने चोपायला बसायचे. मग आई शेणाने सारवायची. पुन्हा चोपणं, पुन्हा सारवण. शेवटी दाणा टाकला तर टण्णकन उडावा अशी जमीन व्हायची, आणि तिच्यावर भारे झोडले जायचे. खळ्यात चप्पल घालून पाऊल टाकायचं नाही. कडेला चप्पल काढायची, वाकून मातीला हात लावायचा, तो कपाळाला लावायचा आणि मग आत. लहानपणी एकदा मी बॉल आणायला चपलेसकट आत पळालो, तर आबांनी ती चप्पल अशी भिरकावली की दोन दिवस सापडली नाही. फणसावर अडकली होती.

पुढे मळणीचं यंत्र शेतातच यायला लागलं. खळं रिकामं राहिलं. आबा तरी दरवर्षी चोपायचे. "आता कशाला, आबा?" म्हटलं की म्हणायचे, "चोपायचं असतं." वाद तिथे संपायचा.

दोन वर्षांपूर्वी होळीच्या सुमारास आबांची डावी बाजू गेली. वाचा तेवढी शाबूत राहिली. तिला धक्का लावायची कुणाची हिंमत नव्हती. हात महिन्याभरात हलायला लागला, पाय मात्र ओढत राहिला. व्यायाम करून घ्यायला कर्जतहून तन्वी नावाची मुलगी यायची. वयाने लहान, पण आवाज हेडमास्तरांचा. तिच्या धाकाने आबा काठी घेऊन ओटीवर पाच-सात पावलं टाकायला लागले. आम्ही सगळे खूश. आणि एक दिवस गुळगुळीत लादीवर पाय सरकला आणि आबा पडले. हाड काही मोडलं नाही. पण त्या दिवसापासून त्यांनी खुर्ची धरली ती धरलीच. आंघोळीला न्यायचं तर दोघांनी उचलायचं. ऐंशी वर्षांचा माणूस, पण लाज गेली नव्हती; दर वेळी डोळे मिटून घ्यायचे.

तन्वीने मला गेटपाशी गाठून सांगितलं, "काका, पायात ताकद आहे. भीती बसलीय मनात. हा पावसाळा खुर्चीत गेला तर मग ते उठणार नाहीत, स्पष्टच सांगते. पडले तरी लागणार नाही अशी जागा पाहिजे. बंगल्यांमध्ये गवत असतं ना, तसं. अनवाणी चालवा त्यावर. तळव्यांना जाग येते."

आम्ही नवरा-बायकोने एकमेकांकडे बघितलं आणि मग खळ्याकडे. आवारात सपाट जागा तेवढी एकच होती. मी तिथल्या तिथे ठरवून टाकलं, आणि माझी पहिली चूक तिथेच झाली. ती मला दोन महिन्यांनी दिसली, म्हणून इथेही जरा उशिरानेच सांगतो.

माझी सगळी नोकरी रसायनीला एका कंपनीच्या लॅबमध्ये गेली. सकाळी कंपनीची बस, दिवसभर काचेच्या नळ्या, संध्याकाळी कंपनीची बस. शेतात मी आयुष्यात जेवढा उतरलो असेन त्यापेक्षा जास्त वेळ त्या बसमध्ये झोपलो असेन. पण निवृत्त माणसाला काम मिळालं की त्याच्या अंगात येतं. मी दोनशे पानी वही आणली. डाव्या पानावर खताचं नाव आणि तोटे, उजव्या पानावर फायदे. नलू म्हणाली, "गवतच लावायचंय ना? की त्याचं लग्न लावायचंय?"

रासायनिक नको, हे पहिल्यांदा ठरलं. मला रसायनांचं वावडं नाही, त्यांच्याच जिवावर जेवलो. युरियाची मूठ मारली असती तर आठ दिवसांत हिरवंगार दिसलं असतं. पण ज्या तळव्याला बोचलेलं, भाजलेलं धड कळत नाही तो तळवा त्या दाण्यांवर ठेवायचा, हे काही मनाला पटेना. मग सेंद्रिय. त्यातही एक का प्रकार आहे! गांडूळखत गुणी, कुणाशी भांडण नाही. पण आमच्या खळ्याला पुरवायचं तर टेंपो भरून आणावं लागलं असतं. कोकोपीट पाणी धरून ठेवतं म्हणतात. आमच्याकडे चार महिने आकाश फाटलेलं असतं, आम्ही आणखी पाणी धरून काय करू? कोंबडीखत जहाल. ताजं पडलं तर मुळं भाजतं आणि वास असा, की आबा खुर्चीतूनच काय, गावातून उठून गेले असते.

"मग तेच आणा की," नलू म्हणाली. "चालतील तरी."

हाडांच्या चुऱ्याला तिने साफ नकार दिला. "गणपतीला दुर्वा तिथनंच काढायच्या पुढे. हाडं नकोत तिथे." खरंच की. लावणार होतो ती हरळीच होती, आणि हरळी म्हणजेच दुर्वा. भाताचं तूस पसंत पडलं, कारण चोपलेली चिकण माती मोकळी करायला ते बरं आणि गिरणीवर हवं तेवढं मिळतं. निंबोळी पेंडेपुढे मी लिहिलं, 'किडीसाठी. आपल्याला गरज आहे का?' आणि त्यावर काट मारली. ती वही अजून आहे. त्या काटेकडे बघवत नाही.

नर्सरीवाला दिलीप माझा शाळेतला मित्र. त्याने वही बघितली, हसला आणि म्हणाला, "सुरेश, हे सगळं ठेव बाजूला. घरचं शेणखत आहे ना? तेच घाल. पण चांगलं कुजलेलं घाल. नाहीतर घालूच नकोस."

"चांगलं कुजलेलं म्हणजे किती?"

"ते तुझ्या बापाला विचार. मी काय सांगणार?"

मी नाही विचारलं. का नाही, ते मी नंतर स्वतःला पुष्कळदा विचारलं. मुद्दाम नाही. त्यांना त्रास कशाला, आधीच आजारी, असं काहीतरी सोयीचं मनात होतं. तेव्हा गोठ्यात दोन गाई आणि एक म्हातारा बैल होता, गोठ्यामागे छातीएवढा उकिरडा होता. मी काठीने टोचून बघितलं. वरून काळं दिसलं. नळीतला रंग बदलला की प्रयोग झाला, ही माझी जन्माची सवय. काळं म्हणजे कुजलेलं, असं मी ठरवलं आणि घमेली भरायला घेतली.

खळं फोडायला दोन गडी आणले. पहिली पहार पडली तेव्हा दगडावर पडावी तसा आवाज आला. आबा ओटीवर खुर्चीत, तोंड खळ्याकडे. मी मोठ्याने म्हटलं, "आबा, तुमच्यासाठीच करतोय हे!" ते म्हणाले, "कर." एवढंच. मला वाटलं, चला, परवानगी मिळाली. दुपारपर्यंत वीतभर खोल सगळी माती उलथून झाली. काळे, चपटे, गुळगुळीत तुकडे निघत होते, एकावर एक सारवणाचे थर. एका तुकड्यावर बोटांचे अर्धगोल स्पष्ट दिसत होते. आईच्या हाताचे असणार. मी तो तुकडा बाजूला ठेवला आणि नंतर कुठे गेला कळलंच नाही.

लावणीचा दिवस मात्र मजेचा गेला. शेजारची बायजा आणि तिची जाऊ आल्या होत्या. पोत्यातून हरळीच्या काड्या काढायच्या, दोन-दोन बोटांवर खोचायच्या, भातासारख्याच. बायजा कंबरेत वाकली आणि एकदम हसायलाच लागली. "आवो वैनी, जल्मभर बांदावरची हरळी उपटून हाताला घट्टं पडलं, नि आज मी तीच लावतंय! कुनी बगितलं तर म्हनंल, बायजा येडी झाली." नलू धरून तिघी हसून-हसून चिखलात बसल्या. मी आबांकडे बघितलं. असल्या गोष्टीला हसणारा माणूस तो, पण हसला नाही. दुसरीकडे बघत होता.

पंधरा-वीस दिवसांत खळं हिरवं झालं. कोवळी, पिवळसर हिरवी पाती. पावसाची सर येऊन गेली की त्यावरून ऊन असं सरकायचं की मी चहा विसरून बघत बसायचो. तन्वी म्हणाली, "अजून जरा दाट होऊ दे, मग उतरवू या आजोबांना." मी आलेल्या-गेलेल्याला खळं दाखवायला लागलो. वहीही दाखवायचो.

आणि मग कावळे आले.

आधी दोन, मग आठ-दहा, त्यांच्या जोडीला साळुंक्या. सकाळी उजाडलं की खळ्यावर सभा. चोचीने गवत उपटून फेकायचे. जागोजागी पिवळे ठिपके पडायला लागले. मी डबा वाजवला, काळ्या प्लॅस्टिकच्या पिशव्या टांगल्या, एक दिवस तर छत्री घेऊन मागे धावलो. तोंडाने काय काय बोललो ते लिहिण्यासारखं नाही. नलू म्हणाली, "अहो, कुणाकुणाची पितरं आहेत ती. सकाळी सकाळी नका शिव्या देऊ." पिवळे ठिपके ताटाएवढे झाले, मग परातीएवढे. आषाढ अर्धा सरला होता. तन्वी यायची, खळ्याकडे बघायची, आबांच्या पायाकडे बघायची. त्या पायाची पोटरी दिवसेंदिवस बारीक होत होती. हे मला दिसत होतं आणि मी कावळ्यांशी भांडत होतो.

एके सकाळी मी एक पिवळा भाग मुठीत धरून ओढला, तर सगळं गवत गोधडीसारखं हातात आलं. खाली मुळंच नाहीत. मी तसाच बसून राहिलो.

मागून आवाज आला, "कावळ्यांना कशाला शिव्या घालतंस रं, सुऱ्या? त्ये जेवाया आलेत. काय जेवतात त्ये बग."

मी वळलो. आबा खुर्चीत पुढे झुकले होते.

"उकर खाली."

बोटाने उकरलं. चार बोटं मातीत पाच अळ्या. पांढऱ्या, लठ्ठ, अंग वाकवून झोपलेल्या, तोंड तेवढं तांबूस.

"हुमणी," आबा म्हणाले. "कच्च्या शेनातनं आली."

"तुम्हाला माहीत होतं?"

"तू गोठ्यामागनं घमेली भरत व्हतास तवाच."

आता मात्र माझा पारा चढला. "मग बोलला का नाहीत, आबा? दोन महिने गेले! तोंडाला काही झालं नाहीये तुमच्या!"

"मला कुनी इचारलं?"

ते मोठ्याने नाही बोलले. मग काठीच्या टोकाकडे बघत आणखी हळू म्हणाले, "खळं फोडलंस. मला वाटलं, मरू दे गवत. खळं व्हईल परत."

मी ओटीच्या पायरीवर बसलो. राग यायला हवा होता, कुठे गेला कोण जाणे. माणसाच्या डोळ्यांदेखत, त्याच्याच भल्यासाठी, त्याच्या हाताने पन्नास वर्षं चोपलेली जमीन मी फोडली होती आणि त्याला एका शब्दाने विचारलं नव्हतं. आजारी माणूस आहे म्हणून. म्हणजे माझ्या हिशेबी ते जवळजवळ नव्हतेच. लादीवर पडल्यामुळे ते खुर्चीत बसले हे खरं, पण त्यांना खुर्चीत बसवून ठेवलं मी. फार वाईट वाटलं. आजही लिहिताना वाटतंय.

"चुकलो, आबा," मी म्हटलं. "आता सांगा. कुठलं खत घालू?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. थट्टा करतोय का खरंच विचारतोय, याचा अंदाज घेत होते बहुधा.

"फनसाखालचं."

"फणसाखाली कुठे काय आहे? रान माजलंय नुसतं."

"डोळं हायत का बटनं?"

मी कुदळ घेऊन फणसाखाली गेलो. तिथे कधीकाळी खड्डा होता हे मला माहीत होतं, पण आता टाकळा वाढलेला, पाचोळा पडलेला. मी एका जागी घाव घातला. दगड. ओटीवरून आवाज, "तिकडं नाय! उजवीकडं!" मी सरकलो. "आरं उजवीकडं! उजवा हात कुठला त्यो तरी कळतो का?" मी आणखी सरकलो, मुळी लागली. "फनस मारशील! थांब! घाव घालू नको!" हे सगळं भुरभुर पावसात. नलू चहा घेऊन ओटीवर आली होती. आणि तेवढ्यात आबांचा धीर सुटला. काठी टेकली, एक शिवी हासडली आणि उठले.

नलू चहा ठेवून धावली, त्यांनी तिचा हात बाजूला केला. ओटीच्या दोन पायऱ्या. काठी, उजवा पाय, मग ओढत डावा. चिखल होता, खड्डे होते, तन्वीने सांगितलेल्या मऊ सपाटीचं नावसुद्धा नव्हतं. मी कुदळ धरून जागच्या जागी. पुढे व्हावं की नको, कळेना. सरळ आले असते तर पडक्या, पिवळ्या खळ्यातून दहा-बारा पावलांत पोचले असते. पण पायात चप्पल होती. ती काढायला कोण थांबतंय? त्यांनी खळ्याला वळसा घातला. कडेकडेने, गोल, लांबच्या वाटेने. मी फोडलं, शेण कोंबलं, हुमणी लावली, तरी त्यांच्या लेखी ते खळंच होतं.

माझ्यापाशी येऊन त्यांनी काठी जमिनीवर आपटली. "हितं."

पाचोळ्याखाली मातीचा थर, आणि त्याखाली ते. आबांचे दोन खड्डे होते. एक भरला की पाल्याने आणि मातीने झाकायचा आणि दोन पावसाळे त्याच्याकडे ढुंकूनही बघायचं नाही. तोवर दुसरा वापरायचा. गोठ्यामागचा ढीग नुसता येता-जाता साठलेला. हे गावातल्या कुठल्याही शेतकऱ्याला माहीत असेल, फक्त त्याच्या लॅबवाल्या मुलाला नव्हतं. त्या मेमध्ये आबा खुर्चीत, म्हणून फणसाखालचा खड्डा कुणी उघडलाच नव्हता.

"हात घाल," ते म्हणाले. "कोपरापरत. गरम लागतं?"

"नाही. गार आहे."

"मूठ काड. वळ. सोड."

मूठ वळली, सोडली. चहाच्या चोथ्यासारखं भुरभुरीत सुटलं.

"वास घे. शेनाचा येतो?"

मी हुंगलं. "नाही. कसलाच नाही येत."

"मग झालं. वास येतो तवर त्ये शेनच असतं रं." आणि ते फणसाच्या मुळीवर बसले. धाप लागली होती, धोतर गुडघ्यापर्यंत चिखलाने भरलं होतं. नलू चहा तिथेच घेऊन आली. आबांनी बशी घेतली आणि चहा भुरकायला लागले.

मग आम्ही सगळं पुन्हा केलं. खळ्याची माती चाळून अळ्या वेचल्या, आणि त्या कावळ्यांनाच घातल्या; त्यांचा मान होता. काट मारलेली निंबोळी पेंड आणली. फणसाखालचं खत, तूस आणि झाडांखालचा जुना पालापाचोळा मिसळला. प्रमाण वहीत नव्हतं, आबा मुठीने सांगायचे. त्यासाठी त्यांना रोज खड्ड्यापाशी यावं लागायचं. माझं चुकतंच, ही त्यांची खात्री होती आणि मी ती मोडू दिली नाही. खरं सांगू, पुढे पुढे मी एखादी चूक मुद्दामही करायचो. सकाळी एक फेरी, दुपारी एक. श्रावणात एके दिवशी तन्वी आली तर खुर्ची रिकामी. "काका, आजोबा कुठायत?" मी फणसाकडे बोट दाखवलं. तिने छत्री उघडली आणि जाऊन त्यांच्याजवळ उभी राहिली. तिथून जरा वेळाने हसण्याचा आवाज आला.

मी लॅबमध्ये घाईत वाढलेला माणूस. उष्णता द्या, ढवळा, झालं. सेंद्रिय हा शब्द हल्ली गोणीवर छापलेला असतो, पण फणसाखालच्या खड्ड्यात मला जे दिसलं त्यातलं निम्मं खत होतं आणि निम्मं नुसतं थांबणं. आणि कुणीतरी दोन वर्षांपूर्वी ते झाकून ठेवलेलं असावं लागतं. ही गोष्ट विकत कुठे मिळते?

गणपतीच्या दिवशी सकाळी आबा आंघोळ करून बाहेर आले. हरळी तोवर बोटभर वाढून दाट झाली होती, माती दिसत नव्हती. म्हणाले, "दुर्वा मी काडतो." मी मागोमाग. खळ्याच्या कडेला येऊन थांबले. काठीवर भार देत डाव्या पायाची चप्पल काढायला लागले. अंगठा निघेना. मी पुढे झालो तर त्यांनी माझ्या पायांकडे बघितलं. माझ्या पायात स्लिपर. साठीला आलेला मी, दहा वर्षांच्या पोरासारखा झटक्यात स्लिपर काढून बाजूला झालो. त्यांची चप्पल निघायला पुष्कळ वेळ लागला. आणि मग ते वाकायला लागले.

तन्वीने वाकायचं नाही म्हणून बजावलं होतं. मी त्यांचा दंड धरला. म्हणाले, "सोड." सोडला. काठीवरून एक-एक पेर हात खाली सरकवत ते वाकले, आणि उजवा तळवा गवतावर टेकला. लगेच उचलला नाही. दाबून बघितला, जरा सरकवला, पुन्हा दाबला. कापणीच्या आधी खळं झालं की नाही ते असंच बघायचे. मग हात कपाळाला लावला, सरळ झाले आणि आत गेले. अनवाणी. या कडेपासून त्या कडेपर्यंत आणि परत.

मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही. नलूही दारात उभी होती, पदर तोंडाला.

मध्यावर आबा खाली बसले, तीन-तीन पानांच्या जुड्या खुडायला लागले. मान वर न करता म्हणाले, "मऊ झालंय रं खळं."

त्यानंतर ते दीड वर्ष चालले. खळ्यावर तीनदा पडले. तिन्ही वेळा उठून बसले आणि आधी आपल्याखालचं गवत बघितलं, दबलंय का म्हणून. गेल्या माघात गेले, झोपेत, कुणाला त्रास न देता. बैल त्यांच्या आधी गेला होता, गाई नलूच्या भावाकडे दिल्या. गोठ्यात आता माझी स्कूटर असते. फणसाखालच्या खड्ड्यात तळाला थोडं खत उरलंय, आणि त्यावर आता नवीन पडणार नाही.

तर दुसऱ्या दिवशी नाडकर्णी पुन्हा आला, मुलीचं बोट धरून. मी त्याला सगळं सांगितलं. तूस घाल, पाला घाल, निंबोळी पेंड विसरू नको. शेणखत कुजलेलंच घे, गोणीत हात घालून बघ, गार लागलं पाहिजे. तो ते मोबाइलवर लिहून घेत होता. शेवटी म्हणाला, "काका, तुमच्याकडचंच थोडं मिळेल का?"

माझ्या मनात आलं, नाही. सरळ नाही. उरलेलं मी या पावसात खळ्याला घालणार होतो. तेवढ्यात त्याच्या मुलीने बोट सोडलं, त्यांच्या अंगणातल्या फरशीवरून तीन पावलं टाकली आणि धप्पकन बसली. रडायचं की नाही ते ठरवत आमच्याकडे बघत राहिली. ओटीवरून नलू माझ्याकडे बघत होती.

मी घमेलं घेतलं आणि फणसाखाली गेलो. वरचा पाचोळा सारला, कोपरापर्यंत हात घातला. दोन घमेली भरून कुंपणावरून दिली.

"वास घेऊन बघ," मी म्हटलं.

पहिल्यांदाच त्याने मोबाइल खिशात ठेवला. मूठ घेतली, नाकाशी नेली, गंभीरपणे हुंगली. "कसलाच येत नाही, काका."

"मग झालं."

तो गेल्यावर मी तसाच उभा होतो. नलू जवळ आली. मी मातीने माखलेला तळवा तिच्यापुढे धरला. म्हटलं, "बघ गं. त्याला म्हणे कसलाच वास येत नाही."

तिने माझा हात दोन्ही हातांत धरून नाकाशी नेला. बराच वेळ धरून ठेवला.

"येतो की," ती म्हणाली. "आबांचा येतो."